चौसष्ट कोअर आणि एक बटण

तिला पसंत करायला त्याला अर्धा तास पुरला होता. प्रोसेसर पसंत करायला घेतला त्याला आता तिसरा आठवडा लागला होता, आणि अजून होकार गेला नव्हता.

नवरा वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. दिवसभर काट्यावर वजनं ठेवायची, आकडा बघायचा, वजनं उचलायची, पुन्हा ठेवायची. घरी त्याला सगळे काटेकोर म्हणत. हे नाव त्याच्या आईनंच ठेवलेलं. सात वर्षांचा असताना त्यानं भावाचा आणि आपला दुधाचा पेला शेजारी शेजारी ठेवून, डोळा टेबलाच्या पातळीला नेऊन, आपला पेला परत पाठवला होता. तेव्हा दूध कमी होतं की जास्त, हे सासूबाई आजही सांगत नाहीत. म्हणतात, "ते महत्त्वाचं नव्हतं गं. फरक होता, एवढंच त्याला पुरलं."

तर अशा माणसाला तिनं एकदा भोळेपणानं सांगितलं होतं, "अरे, माझ्या कामाला हा कॉम्प्युटर आता पुरत नाही." बस. त्यानंतर घरात दुसरा विषय निघाला नाही.

तिचं काम म्हणजे अजून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म करणं. भिंती, जिने, खिडक्या कॉम्प्युटरवर उभ्या करायच्या, त्यात ऊन सोडायचं आणि एक कॅमेरा फिरवून आणायचा. बघणाऱ्याला वाटावं, आपण खरंच आत जाऊन आलो. बाळ व्हायच्या आधी ती हे काम ऑफिसात बसून करायची. आता पिटुकली झोपली की करायची. पिटुकली म्हणजे त्यांची दहा महिन्यांची मुलगी. एका वेळी चाळीस मिनिटं झोपायची. तेवढ्यात जेवायचं, केस विंचरायचे आणि हॉस्पिटल बांधायचं.

हो, हॉस्पिटलच. मुलांच्या हॉस्पिटलची नवी इमारत. वर्षभरानं मिळालेलं पहिलं काम. आर्किटेक्ट बाई तिच्या जुन्या ओळखीच्या. त्यांनी गोड बोलून, पण स्पष्ट सांगितलं होतं, "एक मिनिटाची फिल्म. शुक्रवारी सकाळी दुसऱ्या गावात समितीची बैठक आहे. मी गुरुवारी संध्याकाळी आठला निघते. आठच्या आत फिल्म हातात आली, तर पुढच्या सगळ्या मजल्यांचं काम तुझं. नाही आली तर मोठ्या स्टुडिओला देईन. मला वाईट वाटेल. पण देईन."

एक मिनिटाची फिल्म म्हणजे एक हजार चारशे चाळीस चित्रं. प्रत्येक चित्रात ऊन कुठून आलं, भिंतीवर आपटून कुठं गेलं, पलंगाखाली किती सावली राहिली, हे सगळं कॉम्प्युटरनं मोजून रंगवायचं. तिचा प्रसंग, म्हणजे कॉम्प्युटरवर उभं केलेलं अख्खं हॉस्पिटल, एवढा जड झाला होता, की ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत मावतच नव्हता. सगळा भार प्रोसेसरवर. आणि घरातल्या जुन्या प्रोसेसरला एका चित्राला आठ मिनिटं लागत. हिशेब साधा होता. आठ दिवस.

"म्हणून तर घेतोय ना," काटेकोर म्हणाला. "तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

सगळं म्हणजे एक तक्ता होता. त्यात सत्तेचाळीस रकाने. तिनं एकदा पिटुकलीला खांद्यावर थोपटत थोपटत तो तक्ता वाचायचा प्रयत्न केला. पहिल्या रकान्यात एक गेम होता, त्यात गाड्या पळत होत्या. दुसऱ्यात गेम होता, त्यात ड्रॅगन उडत होते. तिसऱ्यात पुन्हा ड्रॅगन, पण पावसात.

"माझं काम कुठल्या रकान्यात आहे रे?"

"अकराव्या."

"आणि पहिले दहा?"

"ती पार्श्वभूमी आहे," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःला ते पटलेलंही दिसलं. "हे बघ, प्रश्न सोपा आहे. साध्या डेस्कटॉपचा प्रोसेसर घेतला, तर त्यात कोअर, म्हणजे आतले कामकरी, कमी. आठ, बारा, फार तर सोळा. पण एकेक कोअर चपळ. वर्कस्टेशनचा, म्हणजे जड कामाच्या यंत्राचा घेतला, तर कोअर ढीगभर. चौसष्ट! पण एकेकटा जरा सावकाश. शिवाय मेमरीत चूक झाली तर स्वतःच सुधारतो. आता गेमला..."

"कामाला," ती म्हणाली.

"हो, कामाला. कामाला काय पाहिजे, यावर मतभेद आहेत."

"कुणाचे?"

"तज्ज्ञांचे." तज्ज्ञ म्हणजे इंटरनेटवरची माणसं. कुणाचं नाव वाघ, कुणाचं वादळ. ती रोज संध्याकाळी एकमेकांना अडाणी म्हणायची, आणि काटेकोर त्यांच्यातला समंजस म्हणून ओळखला जायचा.

सासूबाई खिडकीशी बसून लंगोटांच्या घड्या घालत होत्या. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या. कानाला लावायचं यंत्र गेलं, पण ऐकायची सवय गेली नव्हती.

"चौसष्ट जणी?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे होत्या चौसष्ट लाइनी. आणि एकच फोन जोडायचा असला की बाकीच्या त्रेसष्ट काय करतात रे?"

"आई, त्या त्या वेळी रिकाम्या असतात."

"म्हणजे गप्पा मारतात. पगार चालू."

तिला हसू आलं. हे खरं म्हणजे तिला तीन आठवड्यांपूर्वीच कळलेलं होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलं नसतानाच तिनं सांगून टाकलं. "अरे, सोपं आहे. पिटुकलीला आंघोळ घालायची असली, तर चौसष्ट आत्या येऊन उपयोग नाही. दोन हात पुरतात, फक्त ते चटपटीत हवेत. भिंत ओढणं, खिडकी हलवणं, हे माझं दिवसाचं काम आंघोळीसारखं आहे. तुझे ड्रॅगनही बहुतेक तसेच. पण हजार लंगोटांच्या घड्या घालायच्या असल्या, तर प्रत्येक आत्येला सोळा-सोळा वाटून द्यायचे. झालं काम. ती चित्रं रंगवायचं काम म्हणजे लंगोट. दिवसाचं काम मी जुन्यावर करते, ते ठीक चालतं. मला आत्या पाहिजेत."

काटेकोरनं तक्त्यात अठ्ठेचाळिसावा रकाना काढला आणि त्यावर काय लिहावं याचा विचार करत राहिला.

शेवटी वर्कस्टेशनच ठरलं. ते तिच्या लंगोटांमुळे ठरलं, की वादळ नावाच्या तज्ज्ञानं "हिंमत असेल तर घेऊन दाखव" असं लिहिल्यामुळे, हे तिनं खोलात जाऊन विचारलं नाही. संसारात काही रकाने मोकळे ठेवावे लागतात.

यंत्र सोमवारी येणार होतं. तिच्या भिंती, जिने, पलंग रविवारी दुपारीच बांधून झाले. पिटुकली झोपलेली होती. ती पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाशेजारी, जुन्या कॉम्प्युटरपुढे बसली. घरात त्याला म्हातारं म्हणत. सहा कोअरचा डेस्कटॉप. डब्याला एका बाजूनं पत्रा नाही. चालू करायचं बटण दोन वर्षांपूर्वी आत पडलेलं, तेव्हापासून भोकात पेन्सिलीचं टोक घालून दाबावं लागायचं.

तिनं बरोबर बाराला पहिलं चित्र रंगवायला टाकलं.

"हे कशाला?" काटेकोरनं मागून विचारलं. "आठ दिवस लागतील त्याला. उद्या नवं येतंय. बंद कर. शनिवारी कारखान्यातला एक जण हे घेऊन जाणार आहे, मला त्याआधी आतलं पुसून ठेवायचंय."

खरं कारण सांगितलं असतं, तर तो म्हणाला असता, तुझा माझ्यावर विश्वास नाही. आणि खरंच नव्हता. त्याच्या प्रेमावर होता, मनगटावर होता, पिटुकलीला तो पाडणार नाही यावर होता. सोमवारी आलेलं यंत्र सोमवारी कामाला लागेल यावर नव्हता.

"लंगोट वाळत नाहीत रे," ती म्हणाली. "याच्या पंख्यातून गरम हवा येते ना, त्याच्यासमोर स्टँड ठेवलं की दोन तासांत कोरडे होतात."

त्यानं वाकून पंख्यासमोर हात धरला. मग मान डोलावली. आकड्यावर विश्वास असलेल्या माणसाला तापमान पटतं.

"आत काय चाललंय पण?"

"काहीतरी चालू असल्याशिवाय गरम कसं होणार?"

हेही त्याला पटलं. स्क्रीन तिनं बंद केली, वर दुपटं टाकलं, आणि समोर स्टँड ओढलं. सासूबाईंनी पहिला लंगोट अडकवताना तिच्याकडे बघून एक भुवई उचलली. बाकी काही नाही. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी ऐकून कुणाला काही न सांगण्याची त्यांची नोकरी होती.

यंत्र सोमवारी खरंच आलं. काळा, काचेचा, गुडघ्याएवढा डबा. आत इंद्रधनुष्यी दिवे. दुकानदार म्हणाला होता, "हे घेतलं की पुन्हा दुकानात यायला नको." त्या एका संध्याकाळी काटेकोरनं त्याला चार फोन केले. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा तीन मिनिटं काळ्या स्क्रीनवर काहीच आलं नाही. काटेकोरच्या कपाळावर घाम.

"मेला का?" सासूबाईंनी विचारलं.

"मेमरी तपासतोय, आई. एवढी मोठी मेमरी, सगळी तपासूनच सुरू होतो."

"माझीपण तपासायला सांग. चष्मा कुठं ठेवलाय ते सापडेल."

डबा जमिनीवर ठेवला, कारण टेबल त्याचं वजन पेलेल की नाही याची काटेकोरला शंका होती, आणि वजनाच्या बाबतीत त्याला शंका आली की विषय संपला. डब्याच्या पुढच्या बाजूला, खाली, रुपयाएवढं निळं बटण होतं. मंद मंद उजळायचं, मंद मंद विझायचं. झोपलेल्या बाळाच्या श्वासासारखं. पिटुकली सतरंजीवर पालथी पडून त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडातून एक लाळेचा धागा खाली उतरला, एवढं ते सुंदर होतं.

काटेकोरनं दोन दिवसांची रजाच काढली होती. मंगळवार चाचण्यांत गेला. "कामाला लावायच्या आधी तपासून नको का घ्यायला?" ड्रॅगनांच्या मदतीनं तपासणं चाललं होतं. दुपारी तो बाहेर आला, तेव्हा कुणीतरी जवळचं आजारी असावं असा चेहरा.

"बहात्तर," तो म्हणाला.

"काय बहात्तर?"

"सेकंदाला बहात्तर चित्रं. पावसातल्या ड्रॅगनला. आणि कारखान्यातल्या दुसऱ्या एकाकडे साधा डेस्कटॉप, आठ कोअर, माझ्या निम्म्या किमतीचाही नाही, त्याला एकशे दहा मिळतात."

"डोळ्यांना फरक कळतो?"

"डोळ्यांना नाही कळत." तो थांबला. "मला कळतं."

तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मस्करी करायची तर आत्ता करायला हवी होती, पण माणसाचं दुःख खरं होतं. "आत्या आहेत रे त्या," ती म्हणाली. "एका ड्रॅगनला चौसष्ट आत्या आंघोळ घालतायत. धक्काबुक्की होणारच."

बुधवारी सकाळी तिची पाळी आली. तिनं आपला प्रसंग नव्या यंत्रावर आणला, एक चित्र रंगवून बघितलं. एक मिनिट! आठच्या ठिकाणी एक. तिनं तोंडावर हात ठेवला. खोटं कशाला बोला, त्या क्षणी तिला तो काचेचा डबा आवडला. एक हजार चारशे चाळीस मिनिटं म्हणजे बरोबर एक दिवस. दहाला लावलं की उद्या दहाला तयार. आठच्या गाडीला दहा तास शिल्लक.

तिनं सगळं नीट लावलं. प्रत्येक चित्र सुटं, प्रत्येकाची वेगळी फाइल, क्रमांक टाकून. तिच्या पहिल्या साहेबांनी हे शिकवलेलं. चित्रं सुटी ठेव, फिल्म नंतर एकदम शिव. वाटेत वीज गेली तर एक चित्र जाईल, काम जाणार नाही. या धंद्यातल्या माणसांना हे दात घासण्यासारखं अंगवळणी असतं.

तेवढ्यात आत पिटुकली रडली. दुसरा दात येत होता. ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "सगळं तयार आहे, फक्त सुरू कर."

काटेकोर खुर्चीवर बसला. त्याला ती सेटिंग दिसली. एक हजार चारशे चाळीस वेगवेगळ्या फाइली! त्याच्या मनाला ते बरं वाटलं नाही. काट्याची चाचणी घेताना वजन तुकड्यातुकड्यानं ठेवत नाहीत. शिवाय तक्त्यात त्याला लिहायचं होतं, "पूर्ण फिल्म, एका दमात, चोवीस तास." वादळाला दाखवायचं होतं. त्यानं एका ठिकाणी खूण बदलली. सुट्या चित्रांऐवजी एकच फिल्म. मग सुरू केलं, घड्याळ बघितलं, वेळ लिहिली. सेकंदासह.

तिनं दिवसभरात वीस वेळा येऊन स्क्रीनवरचा आकडा बघितला. आकडा बरोबर पुढं जात होता. दुसरं काही बघायचं तिला सुचलं नाही. घरात दात येत असला की माणूस फार चौकस राहत नाही.

गुरुवारी सकाळी आठला आकडा होता एक हजार तीनशे वीस. दोन तास राहिले होते. ती दारात उभी राहून चहा पीत होती. काटेकोर खुर्चीवर बसून तक्त्यातलं शेवटचं वाक्य घासूनपुसून नीट करत होता. पिटुकली रांगत रांगत डब्याशी आली. काचेवर एक हात ठेवला. मग दुसरा. मग पाय लटपटत लटपटत सरळ झाले आणि ती उभी राहिली.

उभी! आयुष्यात पहिल्यांदा. कुणी न धरता.

तिचा कप हवेतच राहिला. पिटुकलीनं मान वळवून आईकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आश्चर्य होतं, की आपण एवढे उंच कसे झालो, हे तिलाही कळत नव्हतं. मग तोल गेला. आधाराला हात खाली आला आणि रुपयाएवढ्या निळ्या बटणावर टेकला. सगळं वजन त्या एका तळव्यावर. एक, दोन, तीन, चार, पाच सेकंद.

इंद्रधनुष्य विझलं. पंखे थांबले. खोली एकदम एवढी शांत झाली, की पॅसेजमधल्या म्हाताऱ्याची घरघर ऐकू आली.

"उभी राहिली रे!" ती ओरडली.

"बंद झालं!" काटेकोर ओरडला.

पिटुकलीला वाटलं दोघंही आपलंच कौतुक करतायत. ती खदखदून हसली आणि धपकन खाली बसली.

तिनं आधी मुलीला उचललं. दोन मुके घेतले, तिसरा घेतला. मग म्हणाली, "असू दे रे. एक चित्र गेलं असेल. चालू कर, तेराशे एकविसापासून पुढं लावते."

काटेकोर पिटुकलीच्या पायांकडे बघत होता. तिनं त्याचा चेहरा बघितला.

"काय केलंस?"

"ते... वेगवेगळ्या फाइली बऱ्या दिसत नव्हत्या."

"काय केलंस?"

"एकच फिल्म लावली होती. एका दमात."

फिल्मची फाइल शेवटच्या चित्रानंतर शिवून बंद होते. बंद झाली नाही तर ती उघडत नाही. यंत्र पुन्हा चालू झालं, तीन मिनिटं आपली मेमरी तपासून मगच त्यानं स्क्रीन दाखवली, आणि फोल्डरमध्ये एकच गलेलठ्ठ फाइल होती. तिनं चार प्रकारे उघडून बघितली. चारही वेळा नाही. तेराशे वीस चित्रं, बावीस तास, सगळं एका डब्यात बंद, आणि डब्याला झाकण शिवलेलं नाही.

सवाआठ. पुन्हा पहिल्यापासून लावलं तर उद्या सकाळी सवाआठ. बाई आज संध्याकाळी आठला निघणार.

तिला रडू आलं नाही. त्याला वेळ लागतो. ती फक्त खाली सतरंजीवर बसली. वर्षभर साठवलेली चाळीस-चाळीस मिनिटं तिला डोळ्यांसमोर दिसत होती.

"मी बाईंशी बोलतो," काटेकोर म्हणाला. "सांगतो, चूक माझी."

"सांगून फिल्म होते का?"

तेवढ्यात पॅसेजमधून सासूबाईंचा आवाज आला. "अगं, तुझ्या त्या वाळवायच्या मशीनमधून अजून गरम हवा येतेय. त्यात काय शिजतंय ते बघणार आहेस का, की मीच बघू?"

ती ताडकन उठली. स्टँड बाजूला, दुपटं बाजूला, स्क्रीन चालू. म्हातारं शांतपणे सहाशे ब्याण्णवावं चित्र संपवत होतं. फोल्डर उघडलं. एक, दोन, तीन... सगळी सुटी, सगळी क्रमांक घातलेली, एकावर एक नीट रचलेली. हॉस्पिटलचं दार, दारातून आत आलेलं ऊन, लांब मार्गिका, जिन्याची पहिली पायरी.

काटेकोर तिच्या मागं उभा होता. त्यानं स्क्रीन बघितली, लंगोट बघितले, बायकोकडे बघितलं. त्याच्या डोक्यात सगळी वजनं एकदम काट्यावर पडल्याचं तिला दिसलं.

"म्हणजे हे वाळवायला नव्हतं."

"वाळलेही," ती म्हणाली. "आता ऐक. याला पुढं चालू दे, हात लावू नकोस. नव्याला मी शेवटापासून लावते. चौदाशे चाळीसपासून मागं मागं. शेवटचे शंभर, मग त्याआधीचे शंभर. दोघं मध्ये कुठंतरी भेटतील."

"साडेसातला," तो तत्काळ म्हणाला. "साडेसातच्या पाच मिनिटं आधी. सातशे पंचाहत्तर ते सातशे शहात्तरच्या दरम्यान." तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा आकडा तिच्या कामाचा होता.

"सुट्या फाइली," ती म्हणाली.

"सुट्या," तो म्हणाला.

त्यानं कारखान्यात फोन करून आणखी एका दिवसाची रजा टाकली. मग नव्या डब्याच्या पुढं सतरंजीवर बसला, पाय पसरून, पाठ बटणाकडे करून. पिटुकलीनं उजवीकडून प्रयत्न केला. मग डावीकडून. मग बाबांच्या पोटावरून. त्यानं तिला उकडलेलं सफरचंद भरवलं, लंगोट बदलले, खांद्यावर टाकून फेऱ्या मारल्या. फेऱ्या मात्र डब्यापासून दोन हातांवरच. त्या दिवशी कुठलाही ड्रॅगन उडाला नाही.

दुपारी कधीतरी तो पुटपुटला, "अडतीस."

"काय अडतीस?"

"तू म्हणायचीस, ती चाळीस मिनिटं झोपते. अडतीसच झोपली." तो पिटुकलीकडे बघत होता. "अडतीस मिनिटांत तू एवढं सगळं करायचीस?"

"कधी पस्तीसही झोपते," ती म्हणाली आणि पुढचे शंभर लावले.

"यांच्या एक्स्चेंजमध्ये," सासूबाई लंगोट उतरवत म्हणाल्या, "आता कुठं लाइन जुळली."

सात पंचविसाला नव्यानं सातशे शहात्तरावं चित्र टाकलं. म्हाताऱ्याचं सातशे पंचाहत्तर चालू होतं. सगळे पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटाशेजारी उभे. पिटुकली आजीच्या कडेवर. सहा कोअर, पत्रा नसलेला डबा, आणि त्याच्या समोर घरातली साडेतीन माणसं श्वास रोखून. चित्र वरून खाली, ओळीओळीनं, कुणाची घाई नसल्यासारखं रंगत होतं. जिन्याच्या कठड्यावर संध्याकाळचं ऊन. मग आकडा बदलला.

चित्रं एकत्र करून फिल्म शिवायला दहा मिनिटं गेली. पावणेआठला पाच मिनिटं असताना ती पाठवली. आठला पाच कमी असताना फोन वाजला.

"बघितली," बाई म्हणाल्या. मागं बॅगेची चेन लागल्याचा आवाज. "दारातून आत येताना जमिनीवर ऊन पडतं ना, तिथं मला वाटलं, घाबरलेलं मूल इथून आत यायला तयार होईल. ठेवते, गाडी आलीय."

तिनं फोन ठेवला. मग मात्र डोळे भरून आले, आणि तेही व्यवस्थित, दोन मिनिटं, पिटुकलीच्या मानेत तोंड खुपसून.

"ते ऊन कुणी केलं?" काटेकोरनं हळूच विचारलं. "पहिल्या अर्ध्यात आहे ना?"

"म्हाताऱ्यानं."

"आणि शेवटची खिडकी?"

"तुझ्या आत्यांनी. खरंच छान झालीय. आत्या चांगल्या आहेत रे, फक्त त्यांना बटणापासून उंच ठेव."

डबा त्याच संध्याकाळी टेबलावर गेला. वजन पेललं. शुक्रवारी दुपारी बाईंचा निरोप आला, एकाच ओळीचा. समितीला आवडली, उरलेले तीन मजले तुझे. तिनं तो निरोप सासूबाईंना वाचून दाखवला, मग पिटुकलीला, आणि मग पॅसेजमध्ये जाऊन, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, एकदा म्हाताऱ्यालाही.

शनिवारी सकाळी कारखान्यातल्या त्या माणसाचा फोन आला. जुना कॉम्प्युटर न्यायला किती वाजता येऊ? ती आतल्या खोलीत पिटुकलीला कपडे घालत होती, आणि तिचे कान आपोआप उभे राहिले.

काटेकोरची पावलं पॅसेजमध्ये गेली.

"नाही रे," मग तो म्हणाला, "देता येणार नाही. त्याच्यावर लंगोट वाळतायत."